कापसाच्या गाठीमागचे खलाशी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



श्रीगजाननाला वंदन करून बोलायला उभे राहतो. सबंध व्याख्यानात 'आम्ही' म्हणणार आहोत. बोलणारा एक दिसत असला तरी काम सहा-सात जणांचे आहे. त्यात शाळेतले मास्तर आहेत, सुतार आहेत, शिंपीकाका आहेत, बेकरीवाले आहेत आणि कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली आहेत. गेल्या गणेशोत्सवात आम्ही सर्वांनी मिळून एक सजीव देखावा केला होता. १८६३ सालच्या एका अमेरिकन युद्धनौकेवरचा एक दिवस त्यात दाखवला होता. तो पाहून पुष्कळांनी विचारले, 'अहो, समुद्र कुठे, पांढुर्णा कुठे? आपले तात्या टोपे १८५८ साली सातपुडा ओलांडून इथे शेजारी मुलताईला येऊन गेले, ते सोडून अमेरिकेचे खलाशी कशाला?' प्रश्न रास्त आहे. आजचे व्याख्यान म्हणजे त्याचे सविस्तर उत्तर.

थोडक्यात उत्तर असे, की तात्यांची गोष्ट आपल्याला कोणी ना कोणी सांगतेच. पण आपल्या शेतातल्या कापसाला एकेकाळी सोन्याचा भाव कोणी आणला आणि तो एकाएकी कोणी पाडला, ही गोष्ट आपल्याला कोणी सांगत नाही. ती गोष्ट त्या खलाशांशी जोडलेली आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ अशी चार वर्षे यादवी युद्ध झाले. दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरी होती. १८६० च्या जनगणनेत तिथे सुमारे ४० लाख माणसे गुलाम म्हणून नोंदलेली होती आणि त्यातल्या फार मोठ्या संख्येच्या घामावर कापूस पिकत होता. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस या राज्यांतून जाई. ही राज्ये फुटून निघाली, तेव्हा अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १९ एप्रिल १८६१ रोजी त्यांच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा सुमारे साडेतीन हजार मैलांचा, आणि उत्तरेच्या आरमारात त्या वेळी चालू स्थितीतली जहाजे जेमतेम चाळीस-बेचाळीस! पण चार वर्षांत त्यांनी व्यापारी बोटी, फेरीबोटी, नदीतल्या आगबोटी, जे मिळेल ते विकत घेऊन तोफा चढवल्या आणि साडेसहाशेच्या वर जहाजे उभी केली. खलाशी साडेसात हजारांच्या आसपास होते, ते पन्नास हजारांवर गेले.

एवढे खलाशी आले कुठून? इथे आपल्यासारख्यांना रस वाटावा अशी गोष्ट आहे. त्या आरमारात भरतीची एक पायरी होती, तिचे नाव 'लँड्समन', म्हणजे जमिनीवरचा माणूस. ज्याने कधी जहाजावर काम केलेले नाही, तो लँड्समन. शेतावरची पोरे, दुकानातले कारकून, गवंडी, सुतार असे हजारो लोक त्या पायरीवर भरती झाले. शिवाय आरमारी युद्ध काही समुद्रातच झाले नाही. मिसिसिपी आणि तिच्या उपनद्यांतून लोखंडी पत्रे ठोकलेल्या तोफबोटी फिरत होत्या. समुद्रापासून शेकडो मैल आत आरमार होते आणि आरमारात समुद्र न पाहिलेली माणसे होती. हे कळल्यावर पांढुर्ण्याच्या माणसाने खलाशी व्हायला काय हरकत, असे आम्हाला वाटले.

आता अभ्यास कसा केला ते सांगतो. अमेरिकेत अशा जुन्या काळातले जीवन जगून दाखवणाऱ्या हौशी लोकांची मोठी परंपरा आहे. त्यातले बहुतेक पायदळाचे वेष घालून मैदानात लुटुपुटूची लढाई करतात. खलाशांचे जीवन दाखवणारे त्या मानाने थोडे, पण ते फार चोखंदळ. सदऱ्याची शिवण हाताची की यंत्राची, बटण हाडाचे की धातूचे, इथपर्यंत ते जातात. त्यांच्याकडून आम्ही एक नियम घेतला. ज्याला पुरावा नाही, ते मंचावर आणायचे नाही.

पुरावा मात्र भरपूर आहे. दोन्ही बाजूंच्या आरमारांची सरकारी कागदपत्रे १८९४ ते १९२२ या काळात तीस खंडांत छापली गेली. प्रत्येक जहाजाची हजेरीपत्रके जपलेली आहेत. त्यांत खलाशाचे नाव, वय, जन्मस्थान, आधीचा धंदा, उंची, डोळ्यांचा रंग असे सगळे लिहिलेले असते. या हजेरीपत्रकांवरूनच अभ्यासकांनी सुमारे १८ हजार कृष्णवर्णीय खलाशांची नावे शोधून काढली.

दुसरा पुरावा पाण्याखालचा. 'कैरो' नावाची तोफबोट १२ डिसेंबर १८६२ रोजी याझू नदीत सुरुंगाने फुटली आणि दहा-बारा मिनिटांत बुडाली. जीव एकाचाही गेला नाही, पण सामान सगळे खाली गेले. १९६४ साली ती वर काढली, तेव्हा ताटल्या, चमचे, कंगवे, औषधांच्या बाटल्या असे खलाशांचे रोजचे सामान चिखलात शाबूत सापडले. आज ते व्हिक्सबर्गच्या संग्रहालयात आहे. 'मॉनिटर' या प्रसिद्ध लोखंडी नौकेची गोष्ट जरा दुःखाची. १८६२ सालच्या शेवटच्या दिवशी ती वादळात बुडाली आणि सोळा माणसे गेली. २००२ साली तिचा तोफांचा गोल बुरूज वर काढला, तेव्हा आत दोन सांगाडे होते. ते दोघे कोण, याची खात्री झाली नाही. तरी २०१३ साली मार्च महिन्यात त्यांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी मानाने मूठमाती दिली. दीडशे वर्षांनी!

तिसरा पुरावा आम्हाला सर्वांत जवळचा वाटला, तो म्हणजे एका माणसाची रोजनिशी. विल्यम गुल्ड हा विल्मिंग्टन शहरातला गिलावा करणारा कारागीर. जन्माने गुलाम, पण लिहायला-वाचायला शिकलेला. २१ सप्टेंबर १८६२ च्या रात्री तो आणि त्याचे सात सोबती एका होडीत बसून केप फिअर नदीतून गुपचूप समुद्राकडे निघाले. दुसऱ्या दिवशी नाकेबंदीवरच्या 'केम्ब्रिज' या जहाजाने त्यांना वर घेतले. त्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, तिकडे वॉशिंग्टनमध्ये लिंकन यांनी गुलाममुक्तीची पहिली घोषणा केली, हे या आठ जणांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गुल्ड त्याच आरमारात भरती झाला आणि १८६५ पर्यंत रोजनिशी लिहीत राहिला. पुढे ती वही घराच्या माळ्यावर पडून होती. घरच्यांच्या हाती लागली आणि त्याच्या पणतूने २००२ साली ती छापली. माळ्यावरच्या वहीची ही गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तिच्याकडे यायचे आहे.

आता प्रत्यक्ष देखाव्याकडे वळू. हॉलच्या फरशीवर आम्ही खडूने डेक आखला. डोलकाठी सुतारकाकांनी बल्लीची केली. शाळेची घंटा मागून आणली. जहाजावर वेळ घंटेने चाले. दर अर्ध्या तासाला टोला, आठ टोल्यांना एक पाळी संपे. चार तासांच्या पाच पाळ्या आणि संध्याकाळच्या दोन-दोन तासांच्या दोन, असे चोवीस तास भरत. संध्याकाळची पाळी मोडून दोन केल्या, म्हणून पाळ्या विषम झाल्या आणि मध्यरात्रीचे जागरण रोज एकाच तुकडीच्या माथी येईना. किती सोपी न्यायाची युक्ती! आमचा देखावा चाळीस मिनिटांचा होता. चोवीस तासांचे अठ्ठेचाळीस अर्धे तास, म्हणून दर पन्नास सेकंदांनी घंटा. ती वाजवणारा सातवीतला मुलगा घड्याळावरची नजर काढत नव्हता.

पहाटे उठून झोळीचे बिछाने गुंडाळायचे, मग वाळूच्या दगडाने सबंध डेक घासायचा, पितळ चमकवायचे. त्यानंतर न्याहारी. जेवायला टेबल नाही. डेकवर रंग दिलेले जाड कापड अंथरायचे आणि आठ-दहा जणांनी भोवती बसायचे. आपली पंगतच म्हणा ना, प्रत्येक पंगतीला एक वाढपी ठरलेला. खायला खारवलेले मांस, घेवड्याचे दाणे, कडक बिस्किट आणि कॉफी. बिस्किट आमच्या बेकरीवाल्यांनी करून दिले. मैदा, पाणी, किंचित मीठ, खमीर अजिबात नाही. दगडासारखे झाले! मुलांनी ते कॉफीत बुडवून खाल्ले. जुने खलाशी ते आधी आपटून घेत, आतले किडे बाहेर पडावेत म्हणून, हे सांगितल्यावर मात्र निम्म्यांनी ताटली खाली ठेवली. दारूचा रोजचा घोट १ सप्टेंबर १८६२ पासून कायद्याने बंद झाला आणि त्याबदली दिवसाला पाच सेंट मिळू लागले, हे वाक्य आल्यावर महिलावर्गातून टाळ्या पडल्या, त्याचीही इथे नोंद करतो.

नाकेबंदीवरच्या खलाशाचे खरे काम म्हणजे वाट पाहणे. महिनोन्‌महिने एकाच बंदरासमोर उभे राहायचे आणि अंधाऱ्या रात्री चोरून निघणाऱ्या बोटीची चाहूल घ्यायची. सापडली तर जप्त मालाच्या विक्रीत खलाशालाही वाटा असे आणि त्या मालात पुष्कळदा कापसाच्या गाठी असत. नाही सापडली तर पुन्हा डेक घासा, कपडे शिवा, दोर वळा. खाली बॉयलरपाशी कोळसा टाकणाऱ्यांची तर भट्टीत शेकल्यासारखी गत. सबंध युद्धात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले, त्यांत गोळीपेक्षा रोगाने गेलेले जास्त.

म्हणून आम्ही ठरवले, की देखाव्यात एकही तोफ उडणार नाही. यावर आमच्यात वाद झाला. धूर, आवाज, फटाके नसतील तर पोरे बसतील का, असे काहींचे म्हणणे. आमचे म्हणणे असे, की लढाईच्या आवाजाने लोक खूश होतात आणि ती कशासाठी झाली हे विसरतात. आपल्या गावाला हे वेगळे सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. एका मुलाची आणि एका मुलीची प्रेमकथा तिच्या मुळाशी सांगतात. ती कथा आपण दरवर्षी जगून दाखवतो, पण गोटे खरे असतात, डोकी खरी फुटतात आणि जीवही गेलेले आहेत. परंपरेचा मान आहेच, चंडीमातेवर श्रद्धा आहेच. तरी आठवण ठेवायला रक्त सांडायलाच हवे का, हा प्रश्न या गणपतीसमोर विचारला तर रागावू नये. आमच्या जहाजावर खरे असे फक्त बिस्किट होते, आणि मुलांना त्या खलाशांचे दिवस कळायला तेवढे पुरले.

दुसरा वाद गुल्डच्या भूमिकेचा. तोंडाला काळा रंग फासायचा का? एकमताने नाही ठरले. माणसाचा वर्ण हा मुखवटा नव्हे. आमच्यातल्या एका मुलाने आपल्याच रूपात, आपल्याच पांढुर्ण्याच्या बोलीत गुल्ड उभा केला. त्याच्या तोंडी आम्ही आमचेच शब्द घातले आणि ते आमचे आहेत हे आधी जाहीर केले. एक गोष्ट मात्र लपवली नाही. उत्तरेच्या आरमारात काळे आणि गोरे खलाशी एकाच जहाजावर काम करत, हे पायदळात नव्हते. पण गुलामीतून पळून आलेल्यांना बहुधा खालच्या पायरीवर, 'बॉय' म्हणून घेत आणि वर चढणे अवघड असे. चांगल्या बाजूलाही भेद होता. हे सांगितल्याने देखावा फिका होत नाही, उलट खरा होतो.

आता मंचाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे या. डाव्या बाजूला जहाज होते, उजव्या बाजूला आम्ही एक रेंगी आणि कापसाचा ढीग ठेवला होता. डावीकडे घंटा वाजली की उजवीकडे दलाल भाव पुकारायचा आणि तो चढत जायचा. कारण तेच घडले होते. दक्षिणेने आधी स्वतःच कापूस अडवून पाहिला, मग नाकेबंदी आवळत गेली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. इंग्रजांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. मध्य प्रांत स्थापन झाला तो नेमका २ नोव्हेंबर १८६१ रोजी, राजधानी नागपूर. हिंगणघाटचा कापूस तर नामांकितच होता. घाटाखालचा आपला सौंसर-पांढुर्ण्याचा भाग नागपूरच्या मैदानाला लागून असलेला, काळ्या मातीचा. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवर पार मिर्झापूरपर्यंत जाई, आता ओढ मुंबईची लागली. मुंबईत पैशांचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांचे नाव गाजले, समुद्र हटवायच्या कंपन्यांचे शेअर भडकले.

युद्धाची झळ तर आपल्या किनाऱ्यालाही लागली. दक्षिणेचे 'अलाबामा' हे लुटारू जहाज हिंदी महासागरात शिरले आणि १४ जानेवारी १८६४ रोजी त्याने मलबार किनाऱ्यालगत 'एम्मा जेन' नावाचे अमेरिकन जहाज पकडून जाळले. ते निघाले होते मुंबईहून! अमेरिकेतली यादवी केरळच्या किनाऱ्यावर आली होती.

मग ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आले. नाकेबंदी उठणार, अमेरिकेचा कापूस पुन्हा येणार, एवढ्यानेच भाव कोसळले. मुंबईत त्या जुलैत मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या, पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. जमशेटजी टाटा त्या वेळी विलायतेत होते. त्यांच्या घरच्या पेढीलाही जबर फटका बसला. बारा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, त्यांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस पिकतो तिथेच गिरणी हवी, असा त्यांचा हिशेब होता.

टाटा सावरले, पण शेतकऱ्याचे काय झाले? भाव असताना सावकाराने हात सैल सोडून कर्ज दिले. भाव पडल्यावर तोच हात आवळला गेला. १८७५ साली पुणे-नगरकडे सुपे गावापासून शेतकऱ्यांचे दंगे झाले, सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. त्याच्या कारणांत हा कापसाचा चढ-उतारही धरला जातो. आणि आपल्या बाजूची थट्टा पाहा. युद्ध १८६५ साली संपले आणि मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली १८६७ साली. तेजी होती तेव्हा आपल्याकडे बैलगाडी, गाडी आली तेव्हा तेजी गेलेली.

आजही कापूस विकायला जाणारा माणूस भावाची चौकशी करतो, तेव्हा उत्तर कुठल्या तरी दूरच्या देशातून आलेले असते. आपल्या टापूत पुष्कळांनी कापूस सोडून संत्रा धरला, तरी भावाची दोरी आपल्या हाती नसते हे काही बदलले नाही. देखावा संपल्यावर एक म्हातारे आजोबा उजव्या बाजूच्या रेंगीपाशी बराच वेळ उभे होते. आम्हाला म्हणाले, 'बापू, जहाजावरच्या सगळ्यांची नावं सांगितली तुम्ही. ह्या गाडीवाल्याचं नाव काय?'

मंडळी, आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आजच्या व्याख्यानाचे खरे कारण तेच आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन कोळसेवाल्याची उंची आणि डोळ्यांचा रंग आम्ही सांगू शकतो. त्याच काळात सौंसरच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बाईचे नाव आमच्या हाती नाही. ती माणसे कमी महत्त्वाची होती म्हणून नव्हे. तिथे कोणीतरी लिहिले आणि दुसऱ्या कोणीतरी ते जपले, एवढाच फरक. गुल्डची वही माळा साफ करताना रद्दीत गेली असती, तर तोही आज एका ओळीचा माणूस राहिला असता.

आपल्या घरांतही माळे आहेत. जुन्या मालगुजारांच्या, पाटलांच्या, व्यापाऱ्यांच्या घरी मोडीतले कागद लाल फडक्यात बांधलेले असतात. मोडी कोणाला वाचता येत नाही, म्हणून ते वाळवीला जातात किंवा नदीत सोडले जातात. खतावण्या, कर्जरोखे, पावत्या, बारशाच्या आणि लग्नाच्या याद्या, बैल विकत घेतल्याची चिठ्ठी, यांतले काहीही टाकू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याचा नकाशा सरकार काढून देते, पण त्याचा इतिहास आपल्यालाच गोळा करावा लागतो. सीमेच्या अलीकडे राहून आपण मराठी जपली, सण जपले. आता कागदही जपू या.

म्हणून मंडळातर्फे विनंती करतो. येत्या दिवाळीपर्यंत ज्यांच्या घरी असे जुने कागद असतील त्यांनी आम्हाला फक्त बोलवावे. कागद घराबाहेर नेणार नाही. तुमच्यासमोर, तुमच्याच ओसरीवर बसून फोटो घेऊ, मूळ कागद कोरड्या सुती कापडात बांधून परत ठेवू. कॉलेजातल्या त्या दोघी मोडी शिकू लागल्या आहेत. ज्येष्ठांपैकी कोणाला मोडी येत असेल तर त्यांनी हात द्यावा. पुढच्या वर्षीच्या देखाव्यात जहाज नसेल. फक्त ती रेंगी असेल आणि तिच्यावर बसलेल्या माणसाला नाव असावे, अशी आमची बाप्पाच्या चरणी प्रार्थना आहे.

बिस्किटे यंदाही केली आहेत, ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांनी जाताना घेऊन जावीत.

गणपती बाप्पा मोरया!